गाडी किती खाली आली?

इंदूरला रामबागेत आमच्या घरासमोर बाबांची जुनी मारुती एस्टीम उभी असते. तिच्या पुढच्या दोन चाकांचे कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी, मी स्वतः बनवून बसवलेत हे कळलं, की गल्लीतली पोरं आधी वाकून टायरच्या वरची फट बघतात आणि मग विचारतात, "काका, किती खाली आली?" मी सांगतो, 15 मिलिमीटर. त्यांचे चेहरे उतरतात. मग दुसरा प्रश्न ठरलेला: एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला? स्प्रिंगचा एक वेढा कापला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं. परवा तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगतो.

वेढा कापलेलाच होता. गाडी डाव्या बाजूला बसायला लागली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने उजव्या स्प्रिंगचा वेढा कापून दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या. दिसायला सारख्या. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कामाच्या वेढ्यांवर ठरतो. सहातला एक गेला की ती 20 टक्के कडक होते. म्हणजे एक बाजू थकलेली आणि दुसरी ताठ. ब्रेकरवर गाडी तिरकी उसळायची आणि धाडकन रबरी स्टॉपवर आदळायची. बाबांची कंबर आधीच दुखरी. ते शेजारच्या सीटवर दोन्ही हात डॅशबोर्डला लावून बसायला लागले. एकदा जॅक लावला तर कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत मोकळी होऊन खडखडत होती. खड्ड्यात चाक लोंबलं आणि स्प्रिंग जागा सोडून परत बसलीच नाही, तर काय होईल, हे मला त्या दिवशी दिसलं. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवतीच बसवलेली स्प्रिंग, आणि तिची खालची बैठक नटासारखी आट्यांवर फिरवून वर-खाली करता येते. एवढंच. आणि इथेच सगळ्यांचा गैरसमज असतो. नट वर फिरवला की स्प्रिंग कडक होते असं वाटतं. होत नाही. स्प्रिंगवर वजन तेवढंच असतं, ती तेवढीच दबते, गाडी फक्त वर उचलली जाते. नटाने उंची ठरते. कडकपणा ठरतो तो तारेची जाडी, वेढ्यांचा घेर आणि वेढ्यांची संख्या यांवर. तो आधी, कागदावर ठरवावा लागतो.

म्हणून मी सुरुवात गाडी खोलून केली नाही, धर्मकाट्यापासून केली. लोहामंडीत एका ट्रकच्या काट्यावर फक्त पुढची दोन चाकं चढवली, आत मी आणि बाबा. 580 किलो. हा काटा 10 किलोच्या खाली बोलत नाही, म्हणून तीनदा चढवून पाहिली. एका चाकाला 290. त्यातून चाक, टायर, ब्रेक यांचे साधारण 30 वजा केले, कारण ते वजन स्प्रिंगवर येत नाही. उरले 260. जुनी न कापलेली डावी स्प्रिंग खरादवाल्याच्या (लेथवाल्याच्या) हातप्रेसमध्ये वजनकाट्यावर उभी करून दाबली. दर 10 मिलिमीटरला साधारण 20 किलो, म्हणजे मिलिमीटरला 2 किलो. 260 किलोला ती 130 मिलिमीटर दबणार.

आता हिशेब. स्प्रिंग वजनाने जितके मिलिमीटर दबते त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 15.8 ला त्याने भागायचं. गाडी सेकंदाला किती हेलकावे घेईल ते येतं. जुन्या स्प्रिंगला 1.4. बाजारात शर्यतीच्या म्हणून दाखवलेल्या स्प्रिंगा मिलिमीटरला 6 किलोच्या होत्या, त्यांना 2.4 येत होतं. मी 2.5 किलोची ठरवली. 104 मिलिमीटर दाब, 1.5 हेलकावे.

एवढीच का? शॉकअपमुळे. हेलकावा विझवायला लागणारा जोर कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो. 2 वरून 2.5 वर गेलो तर 12 टक्के जादा, तेवढं नवं शॉकअप ओढतं. 6 वर गेलो असतो तर 73 टक्के. मग स्प्रिंग कडक आणि तरी गाडी उड्या मारणार. कडक गाडी म्हणजे पकड चांगली असं मानणाऱ्यांना मी हा आकडा मुद्दाम लिहून देतो.

सांवेर रोडवर स्प्रिंगा वळवून घेतल्या. क्रोम-व्हॅनेडियमची 10 मिलिमीटर तार, आतला व्यास 65, कामाचे साडेनऊ वेढे, मोकळी लांबी 300. पहिल्यांदा पूर्ण दाबून सोडल्यावर दोन्ही 4 मिलिमीटर आखूड झाल्या. दुसऱ्यांदा किंचित. तिसऱ्यांदा तेवढ्याच राहिल्या, तेव्हाच घरी आणल्या.

शॉकअपच्या जुन्या बैठकीची थाळी ग्राइंडरने कापायची होती. मी नव्या बाहीला, म्हणजे शॉकअपवर चढणाऱ्या आट्यांच्या नळीला, आधार म्हणून एक कडं वेल्ड करायचं म्हणत होतो. खरादवाले उस्ताद हातातलं काम टाकून उठले. "भैया, बॉडी पे वेल्डिंग मत मारना, अंदर तेल है, सील जल जाएगी." मग थाळी मुळापासून न कापता वेल्डिंगची 6 मिलिमीटरची कड ठेवली, ॲल्युमिनियमची आट्यांची बाही तिच्यावर टेकते. आटे 2 मिलिमीटरचे, नटाचा एक फेरा म्हणजे 2 मिलिमीटर उंची. बाही आणि शॉकअपच्या मध्ये दोन रबरी ओ-रिंग, नाहीतर ती आत वाजत राहते. या गाडीच्या पुढच्या रचनेत, म्हणजे मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग-शॉकअपचा सगळा खांब फिरतो, म्हणून वरची टोपी मूळ बेअरिंगवर बरोबर मध्यात बसेल अशी खरादवर काढली. दबलेली स्प्रिंग सोडवताना स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर लावले आणि तोंड बाजूला ठेवलं. त्यात अडीच क्विंटलचा जोर कोंडलेला असतो.

बसवून जॅकवर सोडली. शॉकअप पूर्ण बाहेर आला तरी स्प्रिंग 30 मिलिमीटर दबलेली होती. हाताने हलवली, हलली नाही. मला सगळ्यात मोठं समाधान त्या क्षणाचं आहे. मागच्या बाजूची रचना वेगळी, तिथे कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा घातल्या. मग अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकांचा कोन बदलतोच.

पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा ट्रॅक आहे. माझ्या वाट्याला सिमरोलच्या पुढचा भेरूघाट आणि गल्लीच्या तोंडाचा ब्रेकर. घाटात वळणावर गाडी एकदाच झुकते आणि तिथेच थांबते, परत डोलत नाही. ब्रेकरवर बाबांनी सवयीने हात डॅशबोर्डला लावले. पुढचं चाक उतरलं, मागचं उतरलं. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "उतरली का रे?"

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात आट्यांत बसते आणि सिमेंटसारखी वाळते. मी आट्यांना ग्रीस लावून वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. दर दिवाळीला काढतो, पुसतो, नट अर्धा फेरा मागे-पुढे करून परत कसतो. एवढी देखभाल होणार नसेल तर कंपनीच्या नव्या स्प्रिंगा घाला, त्या उत्तम असतात. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. हात घालण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून या, मी विचारूनच सुरुवात केली होती.

तरीही करायचंच असेल तर रविवारी सकाळी या, हातप्रेस मिळवून देतो. येताना आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांची काट्याची पावती घेऊन या. घरातली जितकी माणसं रोज बसतात, तितकी बसवून केलेली.