हेडफोन निवडले आठवड्यात, बदलून मिळाले सव्वीस दिवसांनी

आठवड्यातून तीन दिवस मी पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोड ते मुंबई जाऊन-येऊन करते. रोजचे सात तास गाडीत. त्या सात तासांसाठी आणि रात्री घरी निवांत ख्याल ऐकण्यासाठी कान पूर्ण झाकणारे एकच चांगले हेडफोन घ्यायचे ठरवले. निवड आठवड्याभरात झाली. पुढे जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आधी निवडीचं सांगते. ओपन बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू जाळीदार, उघडी असलेल्या हेडफोनवर तानपुरा इतका मोकळा वाटतो, की जणू खोलीतच कुणी छेडतंय. पण त्यांचा आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, त्यामुळे गाडीत ते बादच. मग नॉइज कॅन्सलिंगवाले, मागून बंद असलेले हेडफोन. यातले मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याची उलटी लहर कानात सोडली जाते. चाकांची घरघर, एसी, विमानाचं इंजिन असे खर्जातले एकसुरी आवाज त्याने छान कापले जातात. शेजारच्या बाकावरचा पत्त्यांचा डाव आणि चहावाल्याची हाळी मात्र मंद होते, थांबत नाही.

नाशिकच्या दोन दुकानांत सीलबंद खोकाच दाखवला. उघडला तर घ्यावा लागेल म्हणाले. मुंबईत एका मोठ्या दुकानात डेमोचे पीस होते. तिथे चष्मा लावून वीस-वीस मिनिटं घालून बसले. दोन मिनिटांत सगळेच मऊ वाटतात; चष्म्याची काडी कानशिलात रुतायला लागते ती दहाव्या मिनिटानंतर. शिवाय काडीमुळे हेडफोनच्या गादीला बारीक फट राहिली की खर्ज गळतो. सोनीचा एक्सएम ४ हा २५४ ग्रॅमचा आणि घडी होणारा. एक्सएम ५ थोडा हलका, पण घडी होत नाही. सेनहायझरच्या मोमेंटम ४ ची बॅटरी ६० तासांची, पण वजन २९३ ग्रॅम. मी शेवटी यांतलं काहीच घेतलं नाही. पर्समध्ये डब्याशेजारी मावतील असे दुसऱ्याच एका कंपनीचे, घडी होणारे हेडफोन आवडले आणि दोन हजार रुपये वाचतात म्हणून ऑनलाइन मागवले. ते दोन हजार मला फार महाग पडले.

पहिल्याच रात्री, गाणं सुरू करायच्या आधी, उजव्या कानात टिक्... टिक्... ऐकू आलं. नॉइज कॅन्सलिंग बंद केलं की आवाज बंद, चालू केलं की पुन्हा टिक्. सात दिवसांत बदलून देण्याची सोय होती. तिसऱ्या दिवशी माणूस न्यायला आला. त्याने खोक्यावरचा सिरियल नंबर मोबाइलवर ताडून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, बिलावरचा नंबर वेगळा आहे. मला घेता येणार नाही."

खोक्यावरचा आणि हेडफोनवरचा नंबर एकच होता. बिलावर तेवढा दुसरा. म्हणजे चूक पाठवणाऱ्यांकडे झाली, हे शाळकरी पोराला कळेल. तरी चॅटवर दर वेळी नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. प्रत्येकाचं उत्तर एकच, ४८ तास थांबा. दुसऱ्यांदा पिकअप ठरला तेव्हा मी अर्धी रजा टाकून घरी बसले. कुणी आलंच नाही, आणि संध्याकाळी मेसेज आला: ग्राहक घरी उपलब्ध नव्हते. दारात बसून राहिलेल्या माणसाला हे वाचायला लागणं किती अपमानाचं आहे! आठव्या दिवशी कळवलं, मुदत संपली.

तेव्हा मी चॅट सोडलं आणि लेखी मार्ग धरला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक विक्री संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्काचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मी तिन्ही नंबरांचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट आणि त्या दिवसाचा रजेचा अर्ज जोडून ईमेल केला. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आणि मिळालेला क्रमांक दुसऱ्या ईमेलमध्ये टाकला. यानंतर भाषा बदलली. समोरून फोन आला, "आम्ही अपवाद म्हणून बदलून देतो." मी सांगितलं, अपवाद नको, चूक तुमची आहे असं लिहून द्या. लिहून दिलं नाही, पण मागवल्यापासून सव्विसाव्या दिवशी नवा पीस दारात आला.

या वेळी डिलिव्हरीवाल्या दादांना दोन मिनिटं थांबवलं. खोका, हेडफोन, बिल असे तिन्ही नंबर त्यांच्यासमोर ताडून पाहिले आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ केला. पार्सल हातात येताच हे करा, गाणं नंतर ऐका. आणि मागवण्यापूर्वी 'फक्त बदलून मिळेल' की 'पैसे परत', ते वाचा. मी वाचलं नव्हतं.

एक राहिलंच. आयफोन असेल तर एलडीएसीसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवणाऱ्या पद्धतीसाठी, जास्त पैसे मोजू नका, आयफोनवर ती चालत नाही. घरी वायर लावून ऐकणार असाल तर बॅटरी संपल्यावरही वायरवर आवाज येतो का, ते दुकानातच पाहा.

परवा कसारा घाटात गाडी बोगद्यात शिरली. एरवी तिथे तो गडगडाट कान भरून टाकतो. या वेळी तो दूर कुठेतरी राहिला आणि विलंबित ख्याल चालू राहिला, सम आली तीसुद्धा स्वच्छ ऐकू आली.