आमची वाटचाल: रंध्यातून वाचलेली अक्षरं

आमच्या धंद्याची सुरुवात अक्षरं पुसण्यापासून झाली. वडील सुतार होते. पुण्यात टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. परदेशी माल येऊन रिकामी झालेली लाकडी खोकी ते ठोक भावात घ्यायचे, खिळे उपसायचे, फळ्या रंधायचे आणि त्यातून फडताळं, मांडण्या, कपाटांचे मागचे भाग करायचे. शाळेतून आलो की माझ्याकडे उपसलेले खिळे ठोकून सरळ करायचं काम असे. फळीवरची काळी अक्षरं रंध्याच्या पहिल्याच हाताला उठायची आणि लाकडाच्या कुरळ्या सालींतून अर्धा ‘बी’, पाव ‘एम’ असं माझ्या पायाशी पडायचं. एकदा मी एक सुंदर बाण असलेली फळी तशीच ठेवूया म्हणालो. वडील म्हणाले, “अक्षर राहिलं तर गिऱ्हाईक म्हणेल, खोक्याचं कपाट गळ्यात मारलं.” खरंच होतं ते.

प्लायवूड आलं, मग तयार फर्निचर आलं, आणि वडिलांच्या शेवटच्या वर्षांत शेडमध्ये काम उरलं नाही. मी दुरुस्ती आणि पॉलिशवर आलो. पाळणे, तिजोऱ्यांची लाकडी बैठक, दुकानांच्या जुन्या पाट्या, जे येईल ते. आज आम्ही तिघं आहोत: मी, आमचे मिस्त्री, आणि लाकडापेक्षा कागदात जास्त रमणारी माझी भाची. फार मोठं काही झालेलं नाही. पण आमचं काम आज ज्या पद्धतीने चालतं ती एका चुकीने आणि एका फळीने ठरवली, म्हणून त्या दोन्हींबद्दल लिहितो.

चूक आधी. जुन्या बाजारातून आणलेलं खोक्याचं एक झाकण एका गृहस्थांनी साफ करायला दिलं. मी सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवला. मळ निघाला तसा बोळा काळा झाला, आणि मला आनंद झाला की केवढी घाण निघतेय. ती घाण नव्हती, ती शाई होती. स्टेन्सिलची ती शाई स्पिरिटमध्ये विरघळणारी निघाली. दोन मिनिटांत झाकण लख्ख आणि कोरं. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मी हे अक्षरांसाठीच घेतलं होतं.” मजुरी तर सोडलीच, झाकणाचे पैसेही भरून दिले. वडिलांनी आयुष्यभर जे पैसे घेऊन केलं, तेच मी पैसे देऊन केलं, असं मिस्त्री अजून ऐकवतात.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सांगोल्याजवळच्या एका गावातून एक ताई आल्या. चादरीत गुंडाळलेली एक फळी होती. खरं तर चार फळ्या दोन आडव्या पट्ट्यांवर ठोकलेली, खोक्याची एक अख्खी बाजू. अडीच फूट बाय दोन फूट. वाडा पाडताना स्वयंपाकघरातून निघाली. धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून वर्षानुवर्षं पडून होती. त्यामुळे एका अंगाला चुलीची काजळी आणि तेलकट थर, एका कोपऱ्याला वाळवीची जुनी, रिकामी घरं, आणि एक पट्टी बाभळीची, नंतर कुणीतरी बसवलेली. काजळीखालून तीन आकडे पुसट दिसत होते: १-२-१४.

“एक फेब्रुवारी एकोणीसशे चौदा,” ताई म्हणाल्या. “आमच्या घरात सगळे तसंच सांगतात.”

मीही तसंच वाचलं. खोक्यावर तारीख असणारच, त्यात शंका घ्यावी असं काय आहे?

आम्ही नियम केला होता की आधी बघायचं, मग हात लावायचा. फळी टेबलावर आडवी ठेवून अंधारात बाजूने टॉर्च लावला. तिरप्या उजेडात लाकूड बोलायला लागतं. कडांना बोटभर रुंदीचा फिकट पट्टा दिसला, त्यात ठरावीक अंतरावर बारीक भोकं. तिथे लोखंडी पत्ती आवळलेली होती आणि तिच्या खालचं लाकूड काळवंडायचं राहून गेलं. मधल्या दोन फळ्यांवर तिरके, खोल ओरखडे होते. माझ्या लक्षात येईना, मिस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं, “हमालाचा आकडा.” म्हणजे माल ओढायचा लोखंडी हुक. गंमत अशी की ओरखडे दोन वेगवेगळ्या दिशांचे होते. आतल्या, न रंधलेल्या अंगावर करवतीच्या सरळ, जवळजवळच्या रेघा होत्या. गोल करवतीच्या रेघा वाकड्या, धनुष्यासारख्या पडतात, या बँडसॉच्या, म्हणजे पट्ट्यासारख्या सरळ धावणाऱ्या करवतीच्या. खिळे गोल दांड्याचे, तारेचे.

खोक्याच्या लाकडाला आम्ही सगळे ‘देवदार’ म्हणत आलो, पण हे देवदार नव्हतं. टोकाकडून ब्लेडने कागदाइतका पातळ काप घेतला आणि दहापट भिंगाखाली धरला. वार्षिक वलयांमध्ये राळेच्या नळ्यांचे बारीक ठिपके स्पष्ट दिसत होते. देवदारात अशा नळ्या एरवी नसतात, इजा झाली तरच तयार होतात. पाइनमध्ये त्या असतातच. म्हणजे वडिलांनी जन्मभर देवदार म्हणून रंधलेलं बरंचसं लाकूड पाइन असणार. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, “मग काय, त्याची दिवाणं झाली नसती?”

आता काजळी. ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे इन्फ्रारेड टिपणारा कॅमेरा आहे. काजळाची शाई इन्फ्रारेडमध्ये काळी उठून दिसते आणि वरचे डाग बऱ्याचदा आरपार होतात, हे वाचलेलं होतं. फोटो काढला तर सगळा काळा. अर्थात! चुलीची काजळी म्हणजे तरी काय, कार्बनच. शाई आणि मळ एकाच जातीचे असले की कॅमेरा बिचारा काय करणार. मग मुकाट्याने हाताचं काम. आधी कोरड्या रबरी स्पंजने, दाबून न घासता, फक्त टेकवून उचलत. मग तेलकट थरासाठी कापसाची काडी आणि थुंकी. हो, थुंकीच. संग्रहालयांतली मंडळीही ती वापरतात. तिच्यातले पाचक घटक चिकट थर सोडवतात आणि ती शाईला सहसा त्रास देत नाही. तरी प्रत्येक अक्षराच्या कडेला तांदळाएवढ्या जागेवर आधी चाचणी घेतली. हातभर जागेला तीन दिवस लागले. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच काडी घेऊन बसले.

थर उतरल्यावर पुन्हा फोटो काढला, आणि फळीने तोंड उघडलं. वर चौकट तिरकी उभी केलेली, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची, आत तीन अक्षरं. ही माल पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्याची खूण. हमालाला वाचता आलं नाही तरी आकार कळावा म्हणून. खाली ‘बॉम्बे’. त्याखाली कुंचल्याने हाताने लिहिलेलं ‘सांगोला’, सगळं इंग्रजीत. कोपऱ्यात चिकटलेल्या कागदी लेबलाचा कपटा, त्यावर ‘जी. आय. पी.’ एवढंच शिल्लक, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मुंबईहून येणारी जुनी रेल्वे. आणि ‘सांगोला’च्या बाजूला वेगळ्याच हाताचं ‘२/९’.

इथे १९१४ डळमळलं. सांगोल्याची रेल्वे म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. ती १८९७ मध्ये बार्शीसाठी सुरू झाली, पण पंढरपूरच्या पुढे सांगोल्यावरून मिरजेपर्यंतचा फाटा १९२७ चा. मग १९१४ साली सांगोल्याचा माल? मी तर्क लढवला: पंढरपूरपर्यंत गाडीने आला असेल, पुढे बैलगाडीने. तर्क वाईट नव्हता, फक्त तो तारीख वाचवण्यासाठी केला होता. घरचे सांगतात आणि मला आवडतं, एवढाच त्याला आधार.

भाचीने ते मोडलं. इन्फ्रारेड फोटो मोठा करून ती म्हणाली, “मामा, १-२-१४ च्या आधी काहीतरी आहे.” तिथे ‘ग्रॉस’, म्हणजे खोक्यासकट एकूण वजन, या शब्दाची शेवटची दोन अक्षरं होती. म्हणजे तारीख नव्हे, वजन! इंग्रजी मापात हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, क्वार्टर २८ चा. ११२ अधिक ५६ अधिक १४, एकूण १८२ पौंड. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या ‘२/९’ कडे बघितलं. बंगाली मण, जो रेल्वे वापरायची, तो ८२ पौंड आणि थोडा वर. त्यात ४० शेर. १८२ पौंडांचे होतात २ मण साडेआठ शेर. काट्यावरच्या बाबूने अर्धा शेर वर धरून ९ लिहिले. विलायतेतल्या मापाने गोदीत उतरलेलं खोकं इथल्या मापाने पुन्हा तोललं गेलं, आणि दोन्ही लिखाणं एकाच फळीवर एकमेकांना साक्ष देत बसली होती. तो दिवस मी दुकान लवकर बंद केलं. काम सुचेना.

दोन दिशांचे ओरखडेही मग समजले. जी.आय.पी. ब्रॉडगेज, साडेपाच फुटी. बार्शी लाइट अडीच फुटी. एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर जाणं शक्यच नाही, त्यामुळे दोन्ही मार्ग जिथे मिळायचे त्या कुर्डुवाडीला प्रत्येक खोकं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागायचं. हमालांचे आकडे दोनदा लागले. जी.आय.पी. हे नाव ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झालं, आणि मणाशेराच्या जागी किलोग्रॅम १९५८ पासून यायला लागले. त्यामुळे आम्ही ताईंना लिहून दिलं: बहुधा १९२७ ते १९५१ मधलं. १९१४ गेल्याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं. आजोबांची पिठाची गिरणी होती, तेव्हा इंजिनाचे सुटे भाग आले असावेत, असा त्यांचा अंदाज. मी त्यात पडलो नाही.

दुरुस्ती म्हणावी तर फार थोडी. वाळवीने पोकळ केलेल्या कोपऱ्यात ॲसिटोनमधलं ५ टक्क्यांचं पॅरालॉइड बी-७२, म्हणजे पोकळ लाकूड घट्ट करणारी राळ, सिरिंजने थेंबथेंब सोडलं, अक्षरांपासून वीतभर लांब, कारण ॲसिटोनचा आणि शाईचा भरवसा नाही. सुटलेली फळी सरसाने बसवली, उद्या कुणाला काढायची झाली तर गरम पाण्याने निघेल. खिळ्यांवरचा सुटा गंज झटकला, वर मेणाचा पातळ हात. पॉलिश नाही. बाभळीच्या पट्टीवरून ताईंशी थोडी वादावादी झाली. त्यांना ती काढून मूळ पट्टीसारखी पाइनची हवी होती. मी म्हटलं, ज्याने बसवली त्याने फळी पन्नास वर्षं टिकवली, त्याला घालवणारे आपण कोण? राहिली.

त्या कामापासून आमच्या बिलात दोन रकाने आहेत: शोध आणि दुरुस्ती. पहिला बऱ्याचदा मोठा असतो आणि त्यावरून घासाघीस होतेच. “काही केलं तर नाहीच तुम्ही” हे वाक्य आम्ही आठवड्यातून एकदा ऐकतो.

फळीच्या आतल्या अंगाबद्दल सांगायचं राहिलं. तिथे शिसपेन्सिलीने काही ओळी होत्या, मोडी लिपीत. भारत इतिहास संशोधक मंडळाचा मोडी वर्ग केलेले एक निवृत्त शिक्षक आमच्या ओळखीचे, त्यांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले: गूळ, मीठ, रॉकेल, पुन्हा गूळ. पुढे रुपये, आणि आण्यांसाठी उभ्या काड्या, एक म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा. उधारीचा हिशेब.

दोन्ही अंगांवर लिखाण म्हटल्यावर भिंतीला टांगून चालेना. मिस्त्रींनी सागाची चौकट केली आणि एका बाजूला बिजागऱ्या लावल्या. खिडकीच्या झडपेसारखी फळी उघडते. ताई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पुढची बाजू भरभर पाहिली आणि झडप उलटी केली. गुरुजींनी बेरीज करून पाहिली होती. दोन आणे कमी भरत होते, ते त्यांना सांगितलं.

“मग हे आजोबांचंच,” त्या हसून म्हणाल्या. “आजी पैसुद्धा चुकायची नाही.”