ट्रिक्सी आली, पण ती केली कुणी?

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या अभ्यासिकेतले कॉम्प्युटर एकदाचे डेबियन १३ वर गेले. डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली ही आवृत्ती, नाव ट्रिक्सी. आमची मशिनं टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून निघालेली. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डेबियनवर मात्र झकास चालतात. पोलीस भरतीची, एमपीएससीची पोरं-पोरी त्यांवर फॉर्म भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका काढतात, मराठी टायपिंगचा सराव करतात. एक ३२ बिटचं मशीन तेवढं डेबियन १२ वरच ठेवलंय, कारण तसल्या मशिनसाठी ट्रिक्सीचा इन्स्टॉलरच नाही.

नवी आवृत्ती आली की जो तो विचारतो, नवीन काय? कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१२; ग्नोम, म्हणजे पडद्यावरचा डेस्कटॉप, ४८; सगळं आहे. मला विचाराल तर आधी विचारावं, हे केलं कुणी? ट्रिक्सीत जवळपास ७० हजार पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, आहेत आणि ती सांभाळणारी कितीतरी माणसं पोटापाण्याचं काम उरकून, बिनपगारी हे करतात. कुठल्याही पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, उघडा. काय बदललं ते दोन-चार ओळींत, खाली करणाऱ्याचं नाव, ईमेल, वार, तारीख आणि सेकंदापर्यंत वेळ. मी वार आणि वेळ आवर्जून बघतो. रविवार असतो, मध्यरात्र असते.

डेबियनची एक रीत मला फार मोलाची वाटते. सोबतचं माणूस गेलं की अख्खी आवृत्ती त्याला अर्पण करतात. २००० साली आलेली डेबियन २.२ जोएल क्लेकरला अर्पण केलेली आहे. एस्पी म्हणायचे त्याला. ड्युशेन नावाच्या, स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराने तो अंथरुणाला खिळलेला होता आणि तिथूनच जी-लिबसीसारखं पॅकेज सांभाळत होता. जवळजवळ सगळा सिस्टीमचा डोलारा ज्यावर उभा, ते हे पॅकेज. बहुतेक सहकाऱ्यांना आजाराची कल्पनाच नव्हती. जुलैमध्ये तो गेला, वय २१. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांच्याच वयाचा. हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड होतो.

पण आभार मानायला माणूस जायची वाट कशाला बघायची? एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने सांभाळत होता. मदतीला म्हणून आलेल्या एकाने त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला सर्व्हरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. एकट्या, थकलेल्या माणसाच्या खांद्यावर जगाचे सर्व्हर होते आणि त्याच्या मागे लागणारेच जास्त होते.

डेबियनमध्ये रिपोर्टबग नावाची कमांड आहे. बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, कळवायला ती वापरतात. तिलाच 'कुडोस' हा पर्याय जोडून पॅकेजचं नाव दिलं की बगऐवजी आभाराचं पत्र थेट सांभाळणाऱ्याला जातं. परवा पोरांना हे दाखवलं. एकीने विचारलं, "दादा, पण लिहायचं काय त्यांना?"

म्हटलं, "काय वापरतेस आणि कशासाठी, तेवढं लिही."

तिने पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमवाल्याला साध्या इंग्रजीत लिहिलं, की सोलापुरात मी तुमच्या प्रोग्रॅमवर परीक्षेच्या प्रश्नपत्रिका वाचते. पुढच्या रविवारी मराठी फॉन्टवाल्यांना लिहायचं ठरलंय.