बर्फाचे बुलेटिन आणि बंदीचा फलक

डोंगरात राजकारण आणू नये, असे आमच्याकडच्या गिर्यारोहकांत वारंवार ऐकू येते, आणि बेळगाव-खानापूर परिसरातला मराठी माणूस हे म्हणतो तेव्हा मला विशेष नवल वाटते. सकाळी येळ्ळूरचा राजहंसगड पाहून दुपारी महिपाळगड गाठला, तर एका दिवसात दोन राज्ये होतात. चोर्ल्याच्या बाजूला गेले तर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या हद्दी जवळजवळ येतात आणि तिथे कोणी दरीत पडला, तर दोर कोणाकडे आहे याच्या आधी हद्द कोणाची आहे हे विचारले जाण्याची शक्यता असते. ज्या भूभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथल्या माणसाने तरी डोंगर राजकारणापासून अलिप्त असतो असे समजू नये. स्कीइंग, उघड्या डोंगरातली बर्फसुरक्षा आणि अमेरिकेचे राजकारण हे तीन विषय मी आज एकत्र घेतो आहे, ते मला एकच विषय वाटतात म्हणून.

बेळगावचा आणि बर्फाचा काय संबंध, असे कोणी विचारील. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या शहरात आहे आणि भावकीतला एकही माणूस काश्मीर-लडाखला राहून आलेला नाही, असे घर सीमाभागातल्या खेड्यांत शोधावे लागते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमधल्या सोनम चौकीवर, सुमारे १९,६०० फुटांवर, बर्फाचा प्रचंड कडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांतले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद हे आमच्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. सहा दिवसांनी ते बर्फाखालून जिवंत निघाले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांची प्राणज्योत मालवली. त्या आठवड्यात आमच्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर उसाचा दर बाजूला पडला होता आणि लोक बर्फाविषयी बोलत होते. आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदार काकांनी तेव्हा सांगितलेले वाक्य मी पुढे गुलमर्गच्या प्रशिक्षकांकडूनही, अधिक शास्त्रीय भाषेत, ऐकले : "बर्फ बघायला शांत दिसतो, खरं त्याच्या पोटात काय हाय ते उकरून बघितल्याशिवाय कळत न्हाई."

गुलमर्गला मी स्कीइंग शिकलो, म्हणजे पडायला आणि पडल्यावर उठायला शिकलो. भाड्याने मिळणारे कडक बूट, त्यांच्या चार बकली, त्या आवळल्यावर नडगीवर उठणारे वळ आणि स्कीची पुढची टोके जवळ, मागची टोके दूर अशा स्थितीत गुडघे वाकवून केलेली हळूहळू घसरण यांत पहिले दिवस जातात. या शिक्षणाविषयी मला आदर आहे. तरीही आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या उतारावर स्की करता येणे म्हणजे डोंगर कळणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे तारेवरून डोंगर चढणारा डबा, दुसऱ्या टप्प्यात माणसाला अफरवट शिखराच्या अंगावर, चार हजार मीटरच्या जवळ, काही मिनिटांत नेऊन सोडतो. चढून येताना वाऱ्याने बर्फ कुठे साठवला आहे आणि पायाखाली कुठे पोकळ वाजते आहे, याची जी माहिती शरीराला आपोआप मिळत जाते, ती त्या डब्यात बसून मिळत नाही. गस्तीच्या पथकांनी तपासलेला भाग संपला की पुढचा डोंगर मोकळाच असतो. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्या अशाच मोकळ्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला.

हिमस्खलन म्हणजे वरून कोसळणारी आपत्ती, अशी आपली समजूत असते. स्कीअरच्या बाबतीत ती बहुतांशी चुकीची आहे. ज्यांत माणसे सापडतात अशा दहांपैकी सुमारे नऊ हिमस्खलनांत तो थर त्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा, म्हणजे स्कीसाठी नेमका हवाहवासा वाटणारा. त्यावर वाऱ्याने दाबून घट्ट केलेला एक थर बसलेला असतो आणि त्याच्या खाली, हिवाळ्याच्या सुरुवातीच्या थंडीत तयार झालेली, मुठीत धरली तर साखरेसारखी निसटून जाणारी बर्फाची कणी असते. वरचा थर या कणीवर टेकलेला असतो, तिला चिकटलेला नसतो.

हे पाहण्याची रीत मला फार आवडली. फावड्याने उतारात खड्डा खणायचा, त्याची भिंत सरळ तासायची आणि तिच्यातून तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक उभा खांब मोकळा कापून घ्यायचा. त्याच्या माथ्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवायचे आणि त्यावर दहा थापा केवळ मनगटातून, दहा कोपरातून आणि दहा खांद्यातून मारायच्या. कधी तिसाव्या थापेपर्यंत काहीच होत नाही. कधी बाराव्या-तेराव्या थापेला खांबाचा वरचा भाग पाटीवरून वही सरकावी तसा अलगद पुढे येतो, आणि बघणारे सगळे एकदम गप्प होतात. गळ्यात बीकन (पुरलेल्या माणसाचा ठाव सांगणारे रेडिओयंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडे या तीन वस्तूंशिवाय अशा उतारावर जाऊ नये हे खरेच आहे. पण या वस्तू उपयोगी पडतात त्या माणूस पुरल्यानंतर. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेला माणूस बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर ती शक्यता झपाट्याने घसरलेली असते. खरी सुरक्षितता सकाळी घरून निघण्यापूर्वी, कुठे जायचे नाही हे ठरवण्यात आहे, आणि ते ठरवायला माहिती लागते.

ती माहिती कशी असावी, हे मी अमेरिकेत पाहिले. माझा आतेभाऊ सॉल्ट लेक सिटीत नोकरीला आहे. एका हिवाळ्यात त्याच्याकडे राहत असताना रोज सकाळी यूटा अव्हलांच सेंटरचे, म्हणजे तिथल्या हिमस्खलन केंद्राचे, बुलेटिन वाचणे हा माझा नेम झाला. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि त्या सबंध जिल्ह्याला एकच रंग फासून मोकळ्या होत नाहीत : आठ दिशा आणि उंचीचे तीन पट्टे यांचे एक चक्र असते, त्यात उत्तरेकडे तोंड असलेल्या उंच उतारावर धोका जास्त आणि दक्षिणेकडच्या खालच्या उतारावर कमी, असे वेगवेगळे दाखवलेले असते. काल कोणी कुठे खड्डा खणला, कोणाच्या पायाखाली थर सुटला, रात्री वारा कोणत्या दिशेने वाहिला, हे सगळे पुढे सविस्तर लिहिलेले असते. आपल्याकडेही हे शास्त्र आहे. संरक्षण संशोधन संस्थेने १९६९ पासून मनालीत हिमस्खलनाचा अभ्यास चालवला आणि तिथून निघणारे इशारे कित्येक जवानांच्या उपयोगी पडले. मात्र वर्तमानपत्रात येतो तो इशारा "अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर मध्यम धोका" एवढाच असतो, आणि तेवढ्यावर एखादा विशिष्ट उतार निवडता किंवा टाळता येत नाही.

आपल्याकडे असते तशी बंदी अमेरिकेतही आहे, हे इथे सांगितले पाहिजे. आल्टा या स्कीच्या गावात हिमस्खलनाचा धोका फार वाढला की इमारतीबाहेर पडणे बेकायदा ठरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोक अशा रीतीने सुमारे ६० तास कोंडून होते. पण त्या बंदीला कारण सांगितलेले असते आणि धोका ओसरला की ती उठते. त्याच महिन्यात, ६ तारखेला, सॉल्ट लेकजवळच्या मिलक्रीक खोऱ्यात एकमेकांना न ओळखणारे दोन गट एकाच उतारावर असताना हिमस्खलन झाले आणि आठांपैकी चौघे गेले. जे वाचले त्यांनीच इतरांना उकरून काढले. त्या अपघाताचा जाहीर अहवाल मी पूर्ण वाचला : उताराचा कोन, थराची जाडी, कोण कुठे उभे होते, असे सगळे त्यात आहे, आणि मृतांना दूषणे देणारा एकही शब्द नाही. आमच्याकडे धबधब्यावर कोणी बुडाला की दुसऱ्या दिवशी "हुल्लडबाजी अंगलट" असा मथळा येतो आणि तपास तिथेच संपतो.

आता राजकारण. अमेरिकन माणूस डोंगरातल्या स्वातंत्र्याविषयी भरभरून बोलतो, पण ते स्वातंत्र्य भल्या पहाटे अंधारात उठून बर्फाची नोंद घेणाऱ्या पगारी माणसांवर उभे असते, याची आठवण तिथल्या राजकारण्यांना फारशी नसते. तिथली बहुतेक हिमस्खलन केंद्रे वनखात्याची आहेत आणि लोकवर्गणीच्या संस्था त्यांना हातभार लावतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने खर्चकपातीच्या नावाखाली या वनखात्यातले सुमारे ३,४०० परिविक्षाधीन, म्हणजे नोकरीत अजून कायम न झालेले, कर्मचारी काढून टाकले, त्यांतल्या अनेकांना नंतर परत घ्यावे लागले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हवामान खात्याच्या वरच्या संस्थेतूनही शेकडो माणसे कमी केली. कागदावर पैसे वाचतात हे मान्य. परंतु बुलेटिन हे सलग चालणारे काम आहे. नोव्हेंबरातल्या कमकुवत थराची नोंद ज्याने घेतली, तो माणूस फेब्रुवारीत जागेवर नसेल, तर त्या थराची आठवणच खात्यातून निघून जाते.

हा दोष एकाच पक्षाचा म्हणून मी सांगत नाही. सार्वजनिक जमिनींच्या देखभालीसाठी पाच वर्षांत साडेनऊ अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद करणाऱ्या २०२० च्या कायद्यावर सही ट्रम्प यांचीच आहे. जून २०२५ मध्ये यूटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा तो हाणून पाडणाऱ्यांत पर्यावरणवाद्यांच्या जोडीला बंदूक खांद्यावर टाकून फिरणारे शिकारी आणि ली यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे मोंटानातले लोकप्रतिनिधीही होते. प्रस्ताव महिनाभरही टिकला नाही. उलट, ज्या स्कीच्या गावांत उदारमतवादी श्रीमंतांचे बंगले आहेत, तिथे बर्फात सुरुंग लावून उतार सुरक्षित करणाऱ्या गस्तीवाल्यांना गावात खोली परवडत नाही. कोलोरॅडोतले व्हेल हे स्कीचे प्रसिद्ध ठिकाण पीट सायबर्ट या माजी सैनिकाने १९६२ मध्ये उभे केले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढलेल्या अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचा तो जवान. आज ऐन हंगामात तिथले एका दिवसाचे तिकीट तीनशे डॉलरच्या वर जाते, आणि व्हेल चालवणाऱ्या कंपनीच्याच, यूटातल्या पार्क सिटीच्या गस्तीवाल्यांना डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संप करावा लागला, तो तासाचा मूळ दर २१ डॉलरवरून २३ करून घेण्यासाठी. सैनिकांच्या गावात राहणाऱ्या मला हा प्रवास पाहून वाईट वाटले, हे लपवत नाही.

हे सगळे खानापूर तालुक्याला लागू पडते का? माझ्या मते पुरेपूर पडते. आमच्याकडे बर्फाच्या जागी पाऊस आहे. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रेल्वेमार्गावरून चालत गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी रुळांवर उठाबशा काढायला लावल्या. ते चित्रफितीत पाहून अनेकांना हसू आले, मला आले नाही. रुळांवरून चालणे चूक होते आणि गर्दीही बेसुमार होती. पण चाळिशीतल्या माणसाला शाळकरी पोरासारखे वागवणारे प्रशासन त्याला पुढच्या वेळी कोणती माहिती देणार आहे? पावसाळा आला की धबधब्यांवर सरसकट बंदीचा फलक लागतो, कारण न सांगता लागतो, आणि म्हणून कोरड्या दिवशीही तो खोटा वाटून लोक आडवाटेने आत जातात. आमच्या भागात तो फलक कन्नडमध्ये असावा की मराठीत, यावर मोर्चे निघू शकतात. जीव वाचवणारी सूचना तरी दोन्ही भाषांत असावी, एवढे मान्य व्हायला हरकत नसावी. मात्र सूचना म्हणजे काय, यावर कोणीच भांडत नाही.

वास्तविक सामग्री तयार आहे. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापके ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत बसवलेली आहेत. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे, आणि तिथे रात्रभर कोसळलेला पाऊस खाली जांबोटीच्या बाजूच्या ओढ्यांत पोहोचायला काही वेळ घेतो. तेवढ्या अवधीत, वर ढग कोसळत असताना, खाली लख्ख उन्हात माणसे पाण्यात उतरलेली असतात. कणकुंबीचा आकडा सकाळी सातला घ्यावा, त्यावरून त्या खोऱ्यातल्या ओढ्यांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यावा आणि तो जांबोटीच्या फाट्यावर व मोबाइलवर दोन्ही भाषांत लावावा. एखाद्या निवृत्त शिक्षकाला आणि ओढे ओळखणाऱ्या दोन स्थानिक पोरांना एवढे काम जमण्यासारखे आहे. पावसाळ्याचे चार महिने त्यांना मानधन द्यावे लागेल. ते कोठून येणार, असे मला एका अधिकाऱ्याने विचारले होते. पर्यटकांच्या गाड्यांकडून जी पार्किंगची पावती फाडली जाते, त्यातून.