मारोतीचे रोडगे

वऱ्हाडातल्या गावात हनुमान जयंती जवळ आली हे टाळ-मृदंगाआधी गोवऱ्यांचा ढीग सांगतो. देवळात सप्ताह चालू असतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. पोरांचं लक्ष मात्र पारामागे रचलेल्या त्या ढिगाकडे. चैत्र पौर्णिमेला सूर्य उगवताना पाळणा हलला, सुंठवडा वाटला, काल्याचं कीर्तन आटोपलं, की गावाचा सगळा कारभार जगऱ्याकडे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाकडे सरकतो.

रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला गव्हाच्या कणकेचा पदरदार गोळा, आणि तो जुना आहे. देवीला रोडगा वाहायचा नवस एकनाथांच्या भारुडात येतो. म्हणजे 16व्या शतकात तो इतका घरोघरचा होता की त्याच्या आडून थट्टाही करता येत होती. चैत्रात तो जमतो तो शेतीमुळे. गहू नुकताच घरात आलेला असतो, तुरीची डाळ नवी असते आणि गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या असतात.

पीठ चक्कीवर सांगून जाडं दळून आणायचं. बारीक पिठाचा रोडगा आतून चिकट राहतो. 1 किलो पिठाला 100 ग्रॅम तेलाचं मोहन, मीठ, चिमटीनं ओवा, कणीक घट्टच. लहान गोळ्यांच्या जाड पुऱ्या लाटून तेलाचं बोट फिरवत तीन-चार एकावर एक ठेवतात, बाहेरून एका मोठ्या पुरीनं गुंडाळून तोंड दाबून बंद करतात. तोंड उघडं राहिलं तर राख आत शिरते आणि मग जेवणारा दाताखाली येणाऱ्या कचकचीवरून करणाऱ्याची जात काढतो! किलोभर पिठात आठ-दहा रोडगे होतात. माणशी दोन धरले तर शंभर पानांना 20-25 किलो पीठ लागतं. तरणी पोरं दोनावर थांबत नाहीत, हे हिशेबात धरलेलं बरं.

खरी परीक्षा विस्तवाची. लाकडाचा जाळ उतावळा. गोवरीचा निखारा संथ आणि सारखा. ओली गोवरी मिसळली की धूर होतो आणि रोडग्याला त्याचा वास बसतो. नवखा माणूस ज्वाळा दिसताच रोडगे टाकायला धावतो, तेव्हा जुना माणूस ओरडतो, “अबे, जाळ नोको करू, निखारा पडू दे!” जाळावर टाकलेला रोडगा वरून काळा आणि आत कच्चा. धूर सरून ढीग लाल झाला की पसरायचा, रोडगे मांडायचे, उलटत राहायचे. सालीला रंग आला की फुफाट्यात गाडून टाकायचे. मग पाऊण-एक तास हात लावायचा नाही. हे न जमणारी माणसं प्रत्येक गावात असतात, दर दहा मिनिटांनी उकरून बघणारी.

तोवर बाया पावशीवर, म्हणजे विळीवर, वांगी चिरतात आणि फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकतात. उघड्या राहिल्या तर काळ्या पडतात. शंभर पानांना 15 किलो वांगी, पाच-सहा किलो डाळ. भाजीवर तेलाची तर्री हवी, वरण मात्र साधं आणि पळीवाढं. त्याला झणझणीत फोडणी देणाऱ्या आचाऱ्याला रोडगा कळलेलाच नाही.

रोडगे बाहेर काढून पोत्यावर घोळतात, राख झडते. हातात दाबला की रोडगा फुटतो, पदर सुटे होतात, वाफ निघते. त्यातच तूप सोडायचं. पहिला मारोतीपुढे, मग पंगत. आता बऱ्याच गावांत गोवऱ्या नगावर विकत आणाव्या लागतात, कारण ट्रॅक्टर आले आणि गोठ्यातले बैल कमी झाले. काही ठिकाणी गॅसच्या भट्टीत भाजतात. भाजतात चांगले, पण फुफाट्याचा खरपूसपणा तिथं येत नाही.

उरलेले रोडगे रात्रीतून दगड होतात. दुसऱ्या दिवशी ते खलबत्त्यात कुटून गूळ-तुपात चुरमा करतात आणि काल सुंठवड्याला नाक मुरडलेली पोरं वाटी घेऊन पारावर हजर असतात.