१३ नंबरचा पाना आणि शेतातले सोलर पॅनल

कुठल्याही शेतातल्या सोलर पंपाच्या पॅनलखाली जाऊन उभे राहा आणि वर बघा. एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) एम८, म्हणजे ८ मिमी जाडीचे बोल्ट दिसतील, षटकोनी डोक्याचे, खाली वॉशर आणि नट, बस्स. या सगळ्याला एकच पाना लागतो, १३ नंबरचा, आणि तो प्रत्येक गॅरेजमध्ये, प्रत्येक ट्रॅक्टरच्या डब्यात आणि चोराच्या खिशातही असतो. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३ किलोवॉटचे पॅनल लागतात, ३३५ वॉटचे धरले तर ९ पॅनल, प्रत्येकाला ४ बोल्ट म्हणजे ३६. एका बोल्टला २० सेकंद धरा, १२ मिनिटं झाली. दोघं असतील तर ६. एक पॅनल वीस-बावीस किलोचा, दोन माणसं आरामात उचलतात, आणि बांधावर पिकअप उभी असेल तर चहा उकळायच्या आत शेतकऱ्याची अख्खी पाणीव्यवस्था रस्त्याला लागलेली असते.

मला याचा खरंच त्रास होतो. केंद्राची सौर पंपांची कुसुम योजना २०१९ ला आली, मग राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली, शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के, त्यामुळे रात्रीच्या लाईटची वाट बघत विहिरीवर बसणारी माणसं दिवसा पाणी द्यायला लागली, हे फार मोठं काम झालंय. पाच वर्षांचा विमाही असतो, मान्य, पण पॅनल गेल्यापासून नवीन येईपर्यंत उभ्या कांद्याला पाणी विमा कंपनी घालत नाही ना. आणि एवढ्या सगळ्याला धरून काय ठेवलंय तर कुणालाही फिरवता येईल असा नट!

माझं एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे शेतकरी आणि पॅनल बसवणारी पोरं दोघंही येतात, आणि मागणी एकच, "निघणारच नाही असा नट करून द्या". मी आधीच सांगतो की असा नट नसतो. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आता कुणाकडेही असतो आणि एम८ चा बोल्ट त्याच्यापुढे काही सेकंदांचा धनी. नट काय करू शकतो, तर चोराला पान्यावरून ग्राइंडरवर आणतो. म्हणजे आवाज आला, ठिणग्या आल्या, प्रत्येक बोल्टला वेळ आला, बॅटरी आणि ब्लेड संपायची भीती आली. वस्तीपासून लांब रानात आवाज कोण ऐकणार हेही खरंच आहे, पण रात्री ठिणग्या लांबून दिसतात, शेजारच्या रानात कोणी पाणी धरत असेल तर कुत्री भुंकतात, आणि चोर नेहमी सोपं गिऱ्हाईक शोधतो. १२ मिनिटांचं काम पाऊण तासावर नेता आलं तरी पुष्कळ झालं.

आता लोक काय काय लावतात ते बघू, कारण त्यात फसगत बरीच आहे. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "लॉक नट लावलाय की". तो लॉक नट म्हणजे नायलॉक, आतमध्ये नायलॉनची रिंग असलेला, तो वाऱ्याच्या थरथरीने ढिला होऊ नये म्हणून असतो, चोरीसाठी नाही, १३ चा पाना लावला की तो गपगुमान निघतो, फक्त शेवटपर्यंत पान्याने फिरवावा लागतो एवढंच. नाव लॉक म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो, हे मला अजिबात पटत नाही, बसवणाऱ्यांनी स्पष्ट सांगायला पाहिजे.

दुसरा प्रकार वेगळ्या डोक्याचे बोल्ट. मध्ये टोचा असलेला अॅलन (षटकोनी खड्ड्याचा), मध्ये टोचा असलेला सहा पाकळ्यांचा टॉर्क्स, दोन भोकांचा, एकाच बाजूला फिरणारा वन-वे, असे खूप आहेत. सार्वजनिक संडासाचे पार्टिशन, नंबरप्लेट, पंख्याचे रेग्युलेटर अशा ठिकाणी ठीक आहेत, तिथे नुसता टवाळपणा थांबवायचा असतो. पण त्या सगळ्यांच्या बिट्सचा सेट ऑनलाइन काही शे रुपयांत घरपोच येतो. जी सुरक्षितता 'चोराकडे चावी नसेल' या आशेवर उभी आहे ती चावी बाजारात आली की संपली. कारच्या अलॉय व्हीलला जो एक वेगळा नट देतात त्याचा विचार बरा आहे, नक्षी वेगळी, चावी वेगळी, आणि चांगल्या कंपनीच्या नटावर बाहेरून एक मोकळी फिरणारी रिंग असते, म्हणजे चोराने वरून सॉकेट ठोकून बसवला तरी रिंगच फिरत राहते आणि आतला नट हलत नाही. ही मोकळ्या रिंगची कल्पना मला फार आवडते, पुढे तिच्याकडे येतो.

तिसरा घरगुती उपाय अॅलन बोल्टच्या खड्ड्यात बेअरिंगचा छर्रा ठोकून बसवायचा. सायकलवाले करतात. छर्रा इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. पण अॅलन बोल्टचं डोकं बाहेरून गोल असलं तरी उभ्या कडेचं असतं, पाईप पान्याला धरायला मस्त, म्हणून डोकं खोलगट जागेत बुडालेलं असेल तरच याचा उपयोग.

आणि चौथा, सगळ्यात वाईट, वेल्डिंगचा टाका. नट आवळला, वरून टाका मारला, झालं. अहो, ते स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं असतं, जस्त ४१९ डिग्रीला वितळतं आणि वेल्डिंगचं तापमान त्याच्या कितीतरी वर, म्हणजे टाक्याच्या आजूबाजूचा जस्ताचा थर जळून गेला, एका पावसाळ्यात तिथे गंज धरणार, त्या धुराने वेल्डिंग करणाऱ्याला ताप भरतो ते वेगळंच. वर काचेखाली सेल आहेत, ठिणगी बॅकशीटवर (पॅनलच्या मागच्या प्लास्टिकच्या थरावर) पडली तर भोक. कृपा करून पॅनल चढवल्यावर टाके मारू नका.

मग मी काय करतो, तर शिअर नट. खालचा भाग शंकूसारखा, गुळगुळीत, वरती षटकोनी डोकं, आणि दोघांच्या मध्ये बारीक गळा. पाना वरच्या षटकोनाला लावायचा, आवळत जायचं, ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या ठरलेल्या जोराला गळा तुटतो, षटकोन हातात येतो आणि बोल्टवर राहतो फक्त शंकू, ज्याला पाना लागत नाही. दिसायला सोपं, पण सगळा खेळ त्या गळ्याचा आहे आणि इथेच लेथवाल्याची परीक्षा असते.

एम८ साठी गळ्याच्या आतलं भोक ८.५ मिमी धरा, आटे खालच्या शंकूतच पाडायचे, गळ्यात नाहीत. गळ्याची भिंत ०.५ मिमी ठेवली, म्हणजे बाहेरचा व्यास ९.५, आणि एसएस ३०४ (स्टेनलेसचा नेहमीचा ग्रेड) ची शिअर ताकद, म्हणजे पिळून तुटायला लागणारा ताण, साधारण ४०० एमपीए धरली तर हिशोबाने तो २५ न्यूटन-मीटरच्या (हे टॉर्कचं माप) आसपास तुटतो. आता भिंत ०.४ करा, बाहेरचा व्यास ९.३, तो तुटणार २० ला. म्हणजे एका दशांश मिमीला ५ न्यूटन-मीटरचा फरक! जाड झाला तर एम८ एसएस बोल्टचेच आटे ओढले जातात आणि पातळ झाला तर पॅनल नीट आवळायच्या आधीच डोकं तुटून हातात, आणि मग वाऱ्यात पॅनल खडखडत राहणार. त्यामुळे टर्निंग करताना गळ्याचा टूल घासला की लगेच बदलायचा, भोक आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढायचा म्हणजे भिंत एका बाजूला जाड एका बाजूला पातळ होत नाही, आणि प्रत्येक लॉटमधले काही नट टॉर्क पान्यावर तोडून बघायचेच. आमच्याकडे तुटलेल्या षटकोनांचा डबा भरलेला असतो, त्यावर लॉट लिहिलेला असतो, मला तो डबा सर्टिफिकेटपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

अजून एक गोष्ट जी बरेच जण विसरतात, वंगण. आपण पान्याने जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने निम्मा नटाच्या खालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो फक्त १० टक्के. एसएसवर एसएस कोरडं आवळलं तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, ज्याने कधी एसएसचे नट मशीनने फिरवलेत त्याला माहितीय, अर्ध्यातच अडकतो आणि पुढे-मागे कुठेच जात नाही. असा अर्ध्यात जाम झालेला शिअर नट फार फसवा, कारण डोकं तर तुटतं, बघणाऱ्याला वाटतं आवळला, प्रत्यक्षात पॅनलवर दाबच नाही. म्हणून आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावायची, हाताने सैल फिरतोय ना ते बघायचं, मग हळू, हातपान्याने तोडायचा. इम्पॅक्ट मशीन नको. पोरं घाईत असतात, दिवसाला स्ट्रक्चर संपवायचं असतं, तरी मी प्रत्येक पिशवीत हे सांगूनच नट देतो.

शंकूचा उतारही महत्त्वाचा. उतार कमी असेल, म्हणजे जवळजवळ नळकांड्यासारखा, तर व्हाइस ग्रिप (जबडे आवळून धरणारी पक्कड) त्याला पकडतो. उतार भरपूर असेल तर जबडे घसरून वर निघून येतात, पण मग खालचा घेर वाढवावा लागतो, नाहीतर वर आट्यांभोवती मटेरियल उरत नाही. आणि उंची शक्य तितकी कमी. छिन्नी तिरपी लावून हातोडीने ठोकत नट उलटा फिरवणं ही जुनी युक्ती आहे, उंच शंकूवर छिन्नीला बसायला जागा मिळते, बुटक्यावर कमी मिळते. इथेच ती मोकळी रिंग कामाला येते, शंकूभोवती बाहेरून सैल फिरणारी एक वाटी, छिन्नी मारली की वाटी फिरते. खर्च वाढतो म्हणून सगळ्या बोल्टला परवडत नाही, पण पंप चालवणाऱ्या कंट्रोलरच्या पेटीसाठी मी तीच सुचवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नट कितीही भारी करा, बोल्टचं डोकं षटकोनी ठेवलंत तर काहीच केलं नाही. चोर नटाला हात लावतच नाही, वरून पॅनलच्या फ्रेमच्या आत हात घालून डोक्याला रिंग पाना लावतो आणि बोल्टच फिरवतो, शंकू खाली घर्षणाने धरलेला असतो, बोल्ट त्यातून अलगद निघून येतो. महागडे शिअर नट लावलेली पण डोकं षटकोनी असलेली स्ट्रक्चर्स मी पाहिलीत आणि ते पाहून जीव तुटतो. उपाय स्वस्त आहे, कॅरेज बोल्ट. गोल घुमटासारखं डोकं, त्याच्याखाली चौकोनी मान. बऱ्याच पॅनलच्या फ्रेमला १४ बाय ९ चे लांबट स्लॉट असतात आणि एम८ कॅरेज बोल्टची चौकोनी मान साडेआठपर्यंत असते, ती त्या ९ च्या रुंदीत बसते आणि फिरत नाही. वरचं गोल डोकं २० मिमीचं, स्लॉटवर नीट टेकतं. पाना लावायला दोन्ही बाजूंना काही नाही, म्हणजे आता खरंच कापावं लागणार. फक्त आधी तुमच्या फ्रेमचा स्लॉट मोजा, सगळ्यांचे सारखे नसतात.

सगळ्या ३६ ठिकाणी लावायला पैसे नसतील तर प्रत्येक पॅनलला तिरपे समोरासमोर दोन लावा, बाकी दोन साधे. दोन्ही एकाच बाजूला लावू नका, नाहीतर दुसरी बाजू सोडून पॅनल पिळतात, त्यात चोराला काही मिळत नाही पण तुमची काच जाते. याच कारणाने मी शंकूंना लाल किंवा पिवळा रंग द्यायला सांगतो. चोराला टॉर्चच्या उजेडात पहिल्याच नजरेत कळायला पाहिजे की इथे पाना चालणार नाही, पॅनल फोडून झाल्यावर कळून शेतकऱ्याचा काय उपयोग.

हायटेन्शन लाइनच्या टॉवरला ही युक्ती आधीपासून वापरलीय. खालच्या काही मीटरपर्यंत अँटी-थेफ्ट बोल्ट असतात, वर साधे, कारण भंगारवाले खालचे अँगल काढून न्यायचे आणि टॉवर लंगडा व्हायचा. जिथे माणूस जमिनीवर उभा राहून पोचतो तिथेच जास्त खर्च. पॅनलला तेच लावा, खालची रांग आधी पक्की करा.

मात्र पॅनलच्या बोल्टने केबल वाचत नाही, तांब्यासाठी केबल कापतात ती कापतातच, ती जमिनीखाली पाईपमधूनच न्या. आणि कंट्रोलरची पेटी ज्या बोल्टने खांबाला लावतात त्यांचे नट पेटीच्या आत, कुलपाच्या मागे यायला पाहिजेत, बाहेर नाही. पॅनलचे सीरियल नंबर लिहून फोटो काढून ठेवा, सरकारी योजनेच्या पॅनलमध्ये आरएफआयडी टॅगही (ओळख पटवणारी छोटी चिप) असतो, पण पोलिसांकडे जाताना नंबर तुमच्याच हातात असलेला बरा.

राहिला देखभालीचा प्रश्न, जो बसवणारी पोरं लगेच विचारतात, "पॅनल फुटला तर आम्ही कसा काढायचा?" बरोबर विचारतात. गारा पडतात, वानरं नाचतात, पॅनल बदलावा लागतोच. शिअर नट परत उघडत नाही, तो नट स्प्लिटरने (नट चिरणाऱ्या हत्याराने) फोडायचा किंवा शंकूवर ग्राइंडरने समोरासमोर दोन सपाट बाजू पाडून पान्याने काढायचा, दिवसा, निवांत, पॅनलवर ओलं गोणपाट टाकून म्हणजे ठिणग्या काचेवर जात नाहीत, आणि त्याआधी कंट्रोलर बंद करून पॅनलची जोडणी सोडवलेली असली पाहिजे, कारण ऊन असेपर्यंत पॅनलमध्ये करंट असतोच. प्रत्येक शेतकऱ्याला मी चार-पाच नट आणि कॅरेज बोल्ट जास्तीचे देतो, घरात ठेवायला. किनाऱ्याकडच्या गिऱ्हाइकाला ३१६ ग्रेडच्या एसएसचे, खाऱ्या हवेत ३०४ वर डाग धरतात.

सध्या वाटीवाल्या नटाची किंमत खाली कशी आणायची यावर काम चालू आहे, वाटी टर्निंगऐवजी प्रेसवर पत्र्याची काढून बघतोय. तुमच्याकडे किंवा शेजारी चोरी झाली असेल तर मागे राहिलेल्या बोल्टांचे जवळून काढलेले फोटो पाठवा. कापलेल्या जागी निळसर झाक असेल तर ग्राइंडर, बारीक समांतर रेघा असतील तर हॅक्सॉ, आणि नट-बोल्ट धड खाली पडलेले असतील तर तोच १३ नंबरचा पाना. कुठल्या भागात काय वापरतात ते कळलं की शंकूचा उतार आणि वाटीची जाडी त्याप्रमाणे ठरवता येईल.