तुम्ही विचारलंत म्हणून: खेळ दुसऱ्याचा, पैसे माझे कसे?

"दुसऱ्याचो खेळ आनी पयशे तुका? कंपनीवाले कांय म्हणनात?"

शेजारच्या मावशीने हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही दोघी हातांना खोबरेल चोळून फणस सोलत बसलो होतो. त्यानंतर हाच प्रश्न बँकेतल्या साहेबांनी विचारला, लग्नात भेटलेल्या आत्यांनी विचारला, आणि व्हिडिओ बघणारी शाळकरी पोरं तर रोज विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी गोव्यात डिचोलीला राहते, गेम खेळते आणि खेळता खेळता मराठीत बडबड करते, त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते, आणि त्यांवरच्या जाहिरातींचे पैसे मला मिळतात. घरी कोंकणी, व्हिडिओत मराठी. हे नाटकामुळे. बाबा दरवर्षी जत्रेला नाटक बसवतात. छापील संहितेच्या पहिल्याच पानावर असतं, प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक. प्रेक्षक फुकट, मांडव देवळापुढे, तरी बाबा तालमी सुरू करण्याआधी पत्र लिहून मानधन पाठवतात आणि आलेलं उत्तर संहितेला टाचणीने लावून ठेवतात. तेव्हा मावशीचा प्रश्न मला नवा नव्हता.

गेमच्या बाबतीत मात्र पत्र लिहायचं कोणाला? जपानमधली किंवा स्वीडनमधली कंपनी माझ्या पत्राला उत्तर देत बसणार नाही. ती आपल्या अटी आधीच संकेतस्थळावर लिहून ठेवते. माइनक्राफ्ट या गेमवाल्यांचं म्हणणं साधारण असं, की व्हिडिओ करा, जाहिरातीचे पैसेही घ्या, पण त्यात तुमचं स्वतःचं काहीतरी हवं. नुसता गेम उचलून टाकायचा नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीचा प्रवास जास्त गमतीचा. 2013 मध्ये त्यांनी लोकांच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायला सुरुवात केली. 2015 मध्ये वाटणीची योजना आणली, एकेका व्हिडिओला 60 टक्के, पूर्ण चॅनल नोंदवला तर 70. 2018 च्या शेवटी तीही गुंडाळली आणि आता अटी पाळा, वाटणी नको, असं आहे. पाच वर्षांत तीन तऱ्हा, आणि बदलताना आम्हाला कोणी विचारलं नाही.

म्हणजे हा हक्क नाही, पाहुणचार आहे. बाबांच्या टाचणीतल्या पत्राला तारीख असते, सही असते. माझ्याकडे फक्त एक पान, तेही उद्या बदलू शकेल असं. 2017 मध्ये फायरवॉच गेमच्या निर्मात्यांनी प्यूडीपाय या एकाच प्रसिद्ध यूट्यूबरचा व्हिडिओ उतरवायला लावला, कारण तो दुसऱ्या एका गेमच्या थेट प्रक्षेपणात वंशद्वेषी शिवी बोलला होता. बाकीच्यांचे व्हिडिओ तसेच राहिले. एकाच पाहुण्याला दार दाखवलं. शिवीबद्दल मला त्याची कीव नाही, पण दार कोणाच्या हातात आहे ते तेव्हा कळलं. कथेवर चालणाऱ्या गेमचं तर आणखी नाजूक. 2023 मध्ये जपानच्या न्यायालयाने स्टाइन्स गेट या गेमचे शेवटासकट व्हिडिओ टाकणाऱ्या माणसाला दोन वर्षांची, स्थगित का होईना, कैद आणि दहा लाख येन दंड सुनावला. मला ते पटतं. नाटक पूर्ण पाहिलेला माणूस पुन्हा तिकीट काढेलही. शेवट कळलेला रहस्याचा गेम कोण विकत घेईल?

हे सगळं असलं तरी माझ्यावर संकट आलं ते गेममुळे नाही, गाण्यामुळे.

जुलै होता, पाऊस वेड्यासारखा, वीज गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. गाडी चालवायच्या गेममध्ये गाडीचा रेडिओ चालू राहिला होता. अठरा सेकंद. व्हिडिओ टाकून अर्धा तास झाला नाही तोच क्लेम. क्लेम म्हणजे व्हिडिओ राहतो, पैसे गाण्याच्या मालकाला जातात. स्ट्राइक वेगळा: त्यात व्हिडिओच उतरतो, आणि नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनल बंद. पोरं या दोहोंत नेहमी गोंधळतात. मी ठरवलं, भांडायचं. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेला मुभा आहे, आणि मी त्या गेमची समीक्षाच करत होते. पण यूट्यूबचं आवाज जुळवणारं यंत्र कलम 52 वाचत नाही. शिवाय उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस, आणि पहिल्या चार दिवसांतच तर व्हिडिओ बघितला जातो. शेवटी तेवढा तुकडा मुका केला. नेमका तिथेच माझा सगळ्यात चांगला विनोद होता. खाली एकाने विचारलं, "ताई, माइक भिजला का?"

साउंड सिस्टीमवाला चुलत भाऊ ऐकून हसला. लग्नातल्या गाण्यांचे पैसे कोणी मागायचे नाहीत असं आपल्या गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये परिपत्रक काढलं होतं, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. कलम तेच, 52. कायद्यात आहे त्याहून जास्त सूट परिपत्रकाने देता येत नाही. "तुझे अठरा सेकंद," तो म्हणाला, "माझी आख्खी वरात."

आता नवा गेम उघडला की आधी सेटिंगमध्ये जाते. सायबरपंक 2077 सारख्या गेममध्ये प्रताधिकार असलेली गाणी बंद करायची वेगळी सोयच दिलेली असते. नसली तर संगीताचा आवाज शून्यावर. मग कंपनीच्या अटींच्या पानाचा तारखेसकट फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकते. बाबांनी तो फोल्डर बघितला आणि टाचणी कुठे आहे ते विचारलं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तोवर फणस संपला होता, उरलेला चीक ती तेलाने पुसत होती.

"मागीर गाणें तूंच म्हण गो," ती म्हणाली.